टक् आवाज येईपर्यंत

“बर्फ?” प्रवीणकुमारांनी चहाचा कप तोंडाजवळ नेला तो तसाच धरून ठेवला. “अण्णा, बंगळूरात? वीस डिग्रीला?”

“होय की,” नरसिंगराव म्हणाले. “पेट्रोल हातावर सांडलं की कसं गार लागतंय? तसंच. कार्ब्युरेटरात पेट्रोलची वाफ होतीय, तेव्हा आतली हवा एकदम गार पडतीय. त्यात हवा दमट असली की संपलं. आत बर्फ धरतोय, हवा जायची वाट बुजतीय आणि इंजिन गुदमरतंय.”

“मग तो बर्फ आता कुठंय?”

“वितळला की.”

प्रवीणकुमार फ्लाइंग क्लबचे मॅनेजर होते. फायली, पास, वीजबिल आणि पाहुण्यांचे हार यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता; विमानाच्या पोटात काय असतं याच्याशी मात्र त्यांचा संबंध कंडक्टरचा बसच्या इंजिनाशी असतो तेवढाच. दिल्लीहून आलेले चौकशी अधिकारी काही हसले नाहीत. बर्फाची ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा ऐकली होती. लोक ज्या हवेचं कौतुक करत नोकऱ्या सोडून बंगळूरला राहायला येतात, ती ना थंड ना गरम, जराशी ओलसर हवाच छोट्या विमानांच्या मुळावर येते, हे त्यांना पाठ होतं.

हँगरच्या मधोमध दोन लोखंडी घोड्यांवर ‘अक्का’ ठेवली होती. चाळीस वर्षांचं दोन सीटांचं विमान, आता नाक चेपलेलं, पंखा पिळवटलेला. पाच डिसेंबरच्या सकाळी सिद्धी नावाची एकवीस वर्षांची विद्यार्थिनी एकटीच तिला घेऊन उडाली होती. उतरायला म्हणून तिनं इंजिनाचा जोर कमी केला आणि मग तो जोर परत आलाच नाही. धावपट्टीच्या भिंतीपलीकडे, कापणी झालेल्या नाचणीच्या रानात अक्का नाकावर आपटली. पोरीचा डावा घोटा मोडला. एवढ्यावर भागलं, हे तिचं नशीब.

अशा बर्फावर उपाय अगदी साधा असतो. समोरच्या फळीवर एक बटण असतं, ‘कार्ब हीट’ म्हणतात त्याला. ते बाहेर ओढलं की धुराड्याजवळची गरम हवा कार्ब्युरेटरात शिरते आणि बर्फ वितळतो. सिद्धीचं म्हणणं, मी बटण ओढलं होतं. पण आपटण्यात फळीच चेपली होती, बटण मोडलं होतं, तार तुटली होती. ते पोरीनं ओढलं की आपटण्यानं ओढलं, हे आता देवच जाणे.

“उस केबल में पहले कभी कोई शिकायत?” अधिकाऱ्यांनी सहज विचारलं.

“नहीं साब,” नरसिंगराव म्हणाले.

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. नरसिंगरावांनी खिशातला कापडाचा बोळा काढून हात पुसले. हात स्वच्छच होते.

नरसिंगराव क्लबचे सर्वांत जुने मेकॅनिक. छत्तीस वर्षं झाली. घराणं बंगळूरच्याच शिवाजीनगरातलं, तीन पिढ्यांपासूनचं. आजोबा आणि वडील तिथंच बसून छावणीतल्या साहेबांचे गणवेश शिवत. यांचंच बोट सुईऐवजी पान्याकडे वळलं. विमान उडण्यालायक आहे असं लिहून खाली सही करायचा परवाना त्यांच्याकडे होता, आणि ती सही विद्यार्थी परीक्षेआधी देवाच्या पायासारखी बघून जात. एकतीस जानेवारीला ते निवृत्त व्हायचे होते. सही केलेलं एकही विमान पाच डिसेंबरपर्यंत पडलं नव्हतं, हे ते स्वतः कधी बोलत नसत. पण दुसरं कोणी बोललं तर थांबवतही नसत.

आता केबलचं खरं काय ते सांगायला हवं. ऑगस्टपासूनच अक्काची ही तार अडकत होती. बटण निम्मं यायचं आणि थांबायचं. मग आणखी एक हिसका दिला की पूर्ण यायचं आणि शेवटी ‘टक्’ असा आवाज व्हायचा. नवीन तारेची मागणी गेली होती, तार आली नव्हती. बिघाडाच्या वहीत लिहिलं असतं तर नियमानं अक्का जागेवर उभी राहिली असती. तीन विमानांपैकी एक आधीच इंजिन उघडून पडलेलं. रांगेत पोरं. कुणाचे तास भरायचे, कुणाची परीक्षा तोंडावर.

ही कारणं खरी आहेत, पण पुरती नाहीत. ताठाही होता. नरसिंगरावांचं विमान एका तारेपायी उभं राहतं म्हणजे काय? त्यांनी तार सोडवली, तेल घातलं, आणि उडायला निघालेल्या प्रत्येक पोराच्या दारात वाकून सांगायला सुरुवात केली: “टक् आवाज येईपर्यंत ओढायचं, बाळ. मध्येच थांबलं तर परत हिसका. अर्धी गरम हवा म्हणजे अजिबात नसल्याहून वाईट.” पोरं हसत, मान डोलवत. चार महिने सगळं सुरळीत चाललं. दुखणं वहीत नव्हतं, नरसिंगरावांच्या तोंडात होतं. आणि तोंड रोज हजर होतं.

पाच डिसेंबरला ते हजर नव्हतं. त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी हट्टच धरला होता, निरोपाच्या कार्यक्रमाला नवीन सफारी शिवायचा. “छत्तीस वर्षं तेलकट कपड्यात गेली, एक दिवस तरी माणसासारखे दिसा,” म्हणून. चुलतभाऊ दत्तानं त्यांच्यासाठी सकाळी नऊलाच दुकान उघडलं. नरसिंगरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्याच सकाळी सिद्धीचं नेहमीचं विमान पुढचं चाक बसल्यानं राहिलं आणि तिला अक्का मिळाली. अक्का तिनं जूनमध्ये उडवली होती, तार अडकायला लागायच्या आधी. धुकं नुकतंच उठलं होतं. तिनं जमिनीवर बटण ओढून पाहिलं. ते निम्मं आलं, गरम हवा शिरली की उतरतात तसे इंजिनाचे फेरे थोडे उतरले, म्हणजे ठीक आहे, असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. तिकडे शिवाजीनगरात नरसिंगराव दोन्ही हात पसरून मापं देत उभे होते तेव्हा फोन वाजला.

चौकशी संपल्यावर प्रवीणकुमार त्यांना बाजूला घेऊन गेले. “सरी, ठीक आहे, झालं अण्णा. पोरीनं घाबरून कार्ब हीट वेळेवर ओढलं नाही, असं येणार रिपोर्टात. तुमचं नाव कुठंच नाही. सोमवारी तुमचा जबाब टाईप होऊन येतो, सही करा आणि मोकळे व्हा. एकतीसला शाल, हार, फोटो, सगळं ठरलंय.”

“आणि त्या पोरीचं?”

“तिचं काय? वय आहे तिचं. दुसरं काहीतरी करेल की.”

शनिवारी नरसिंगराव सर्जापूर रोडला सिद्धीच्या घरी गेले. सुशीलाबाईंनी डब्यात कोडबळी, तिकडची कडबोळी, दिली होती. दोन बस बदलून पोचेपर्यंत कंबर धरली. सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं फोनवर आलेला आकडा मागितला. असा आकडा त्यांना कधीच आला नव्हता. मग पंधरा मिनिटं बाकावर बसावं लागलं. वर चौदाव्या मजल्यावर सिद्धीची आई उल्का हिनं दार उघडलं. पुण्याहून सहा वर्षांपूर्वी आलेलं हे कुटुंब. बाप महादेवपुऱ्याला एका कंपनीत.

“काका, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात? या ना, बसा. सिद्धी, बघ कोण आलंय.”

सिद्धी सोफ्यावर होती, प्लास्टरमधला पाय उशीवर. चेहरा उतरलेला. उडायला येई तेव्हा हीच पोरगी हँगरमध्ये शिरली की आधी आवाज यायचा आणि मग ती दिसायची.

“दुखतंय का, बाळ?”

“पाय नाही दुखत आता.” तिनं कोडबळं हातात घेतलं, खाल्लं नाही. “काका, मी ना, तो नॉब ओढला होता. आय रिमेंबर. आरपीएम उतरायला लागला आणि मी लगेच ओढला. पण सगळे म्हणतात, पॅनिकमध्ये माणसाला तसं वाटतं. इन्स्ट्रक्टर सरसुद्धा. आता मला स्वतःलाच श्युअर नाही. रात्री डोळे मिटले की मी तो ओढते, आणि तरी इंजिन बंदच.”

“जाऊ दे ना गं,” उल्का चहा घेऊन आली. “जीव वाचला, पुष्कळ झालं. काका, आम्ही ठरवलंय आता. फ्लाइंग बंद. जानेवारीत डेटा सायन्सचा कोर्स जॉइन करतीये ती.”

“मी नाही ठरवलं,” सिद्धी म्हणाली. “पण ज्याला आपण काय केलं तेच आठवत नाही, त्यानं विमान उडवू नये. एवढं मला कळतं.” मग तिनं मान वर केली. “काका, तुम्ही तर केबल रोज चेक करायचात ना? तुमच्या हातून गेलेली वस्तू म्हणजे ठीकच असणार. म्हणजे चूक माझीच. हो ना?”

चहात वेलदोडा होता. नरसिंगराव चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. “आधी पाय बरा होऊ दे, बाळ,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. त्यांना स्वतःची किळस आली.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि तिथंच पायरीवर बसले. सुशीलाबाईंनी रिकामा डबा त्यांच्या हातातून घेतला, चेहरा पाहिला आणि त्याही शेजारी बसल्या.

“काय झालं? पोरगी बरी हाय नं?”

त्यांनी सांगितलं. ऑगस्टपासूनचं सगळं, न थांबता.

“म्हणजे लिहायचं विसरलात?”

“विसरलो नाही. लिहिलं नाही.”

सुशीलाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. समोरून रिक्षा गेल्या, शेजारची हेमावती ‘ऊटा आयता?’ म्हणून जेवणाचं विचारून गेली; त्यांनी नुसती मान हलवली. मग त्या चिडल्याच. “सगळ्यांना सांगून झालंय एकतीसचं. बेळगावहून माझा भाऊ यायलाय. दत्तानं सफारी शिवून इस्त्री करून ठेवलाय. आता लोकांना काय सांगू मी?”

“काय सांगायचं ते सांग.”

“तुम्हाला काय, तुम्ही मोकळे!” त्या उठल्या, आत गेल्या, भांडी आपटली. थोड्या वेळानं दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज खाली आला होता. “तिच्या जागी आपली कुणी असती तर?” आपली कुणी नव्हती, त्यांना मूल नव्हतं. “लिहा की मग आता. जेवून घ्या आधी.”

सोमवारी नरसिंगरावांनी जबाबाच्या कागदाला हात लावला नाही. “अक्काची बिघाडाची वही द्या,” ते प्रवीणकुमारांना म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

प्रवीणकुमारांनी आधी दार लोटून घेतलं. मग कपाळाला हात लावून बसले. माणूस वाईट नव्हता तो. नरसिंगरावांबरोबर बावीस वर्षं त्यानं डबा खाल्ला होता. वही काढून त्यानं ऑगस्टची पानं उलटली आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

“अण्णा, हे बघा!”

नरसिंगरावांच्या पानांवर दोन नोंदींमध्ये एक ओळ नेहमी मोकळी असे. शिवणीत वडील दोन बोटं जादा कापड, म्हणजे माया, सोडत, तशी ही जुनी खोड. तपासणीवाल्यांनी त्यावरून दोनदा कानउघाडणी केली होती, तरी ती गेली नव्हती.

“इथं लिहा. ऑगस्टची तारीख घाला. केबल अडकते, मागणी केली आहे. स्वल्प जागा आहे, पण बसेल. मागणीचा कागद आहेच माझ्याकडे. मग चूक कुणाची? केबल न पाठवणाऱ्याची. पोरगी सुटली, तुम्हीपण सुटलात. शाल पक्की.”

नरसिंगराव त्या मोकळ्या ओळीकडे बघत राहिले. अक्षर त्यांचंच, शाई तीच, जागाही त्यांनीच सोडलेली. असा मोह त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता. पेनाचं टोपण निघालंसुद्धा.

“नाही जमणार, सर,” ते म्हणाले.

“का?”

“ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर अक्का उडाली नसती.”

त्यांनी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. खाली, या वेळी ओळ न सोडता, तारीख घातली ती त्या दिवसाची. लिहिलं: कार्ब हीटची केबल ऑगस्टपासून निम्म्यावर अडकत होती. मला माहीत होतं. मी नोंद केली नाही, तोंडी सांगत होतो. पाच डिसेंबरला वैमानिकाला सांगितलेलं नव्हतं. वैमानिकानं बटण ओढूनही ते पूर्ण आलं नसावं. खाली सही केली. मग खिशातून परवान्याचा शिक्का काढला, उमटवला, कापडानं पुसला आणि वहीवरच ठेवून दिला. प्रवीणकुमार खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे डोळे ओले झाले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

बाहेर येऊन नरसिंगरावांनी सिद्धीला फोन लावला. रिपोर्टातून कळण्याआधी आपल्या तोंडून कळावं, एवढंच. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“परवा तुम्ही आमच्याकडे चहा प्यायलात, काका,” ती म्हणाली. “मी तुम्हाला विचारलं होतं. आणि तुम्ही चहा प्यायलात.”

“होय, बाळ.”

फोन कटला. त्यांनी परत लावला नाही. लावायचा अधिकार राहिला नाही, हे त्यांना कळत होतं.

पुढचं सगळं कागदांवर झालं. परवाना स्थगित झाला. विमानाला हात लावायचा नाही असं पत्र आलं, आणि उरलेले सहा आठवडे नरसिंगराव मागच्या खोलीत जुने नटबोल्ट मापानुसार लावत बसले. जुन्या तारा सगळ्या विमानांतून काढून नव्या घातल्या गेल्या; चार महिने न आलेली तार चार दिवसांत आली. शालीचा विषय कुणी काढला नाही. सुशीलाबाईंनी बेळगावला फोन करून भावाला सरळ सांगितलं, “येऊ नको, ह्यांची चूक झाली होती, ती ह्यांनी लिहून दिलीय.” एवढं स्पष्ट त्या नवऱ्याशीही कधी बोलल्या नव्हत्या.

एकतीस जानेवारीला सकाळी त्यांनी सफारी पलंगावर काढून ठेवला.

“तो कशाला आता?” नरसिंगराव म्हणाले. “पास परत करायचा, हत्यारं मोजून द्यायची आणि यायचं.”

“शिवलाय तर घाला. कापडाची काय चूक?”

म्हणून ते राखाडी सफारीत क्लबवर गेले. हत्यारांच्या पेटीतला एकेक पाना मोजून दिला, सही केली. प्रवीणकुमारांनी चहा मागवला. दोघांनी तो उभ्यानंच घेतला. आता निघायचं, म्हणून नरसिंगराव हँगरच्या दारापाशी आले. दारात जमिनीवर पिवळी रेघ होती. तिच्या आत त्यांना यायची बंदी होती, म्हणून ते अलीकडेच थांबले.

आत उभ्या असलेल्या विमानात डाव्या सीटवर सिद्धी बसली होती. दाराला कुबडी टेकवून ठेवलेली. उडायला अजून डॉक्टरांची परवानगी नव्हती. ती नुसतीच येऊन बसली होती. नरसिंगरावांना बघून ती हसली नाही. नमस्कारही केला नाही. नजर समोरच्या फळीवर ठेवून तिनं हात पुढे केला आणि बटण ओढलं.

“आला का आवाज?” तिनं विचारलं. त्यांच्याकडे न बघता, पण त्यांनाच.

नरसिंगरावांनी कान दिला होता. “आला,” ते म्हणाले.

तिनं बटण आत ढकललं, पुन्हा ओढलं. टक्. “आता?”

“आला.”

नवी तार होती, एका दमात येत होती. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा ओढायची काही गरज नव्हती. तरी ती ओढत राहिली, जोरानं, दात आवळून, आणि डोळ्यांतून येणारं पाणी तिनं पुसलं नाही. पिवळ्या रेघेच्या अलीकडे नरसिंगराव नवीन सफारीत, दोन्ही हात पाठीमागे धरून उभे होते आणि दर वेळी सांगत होते, “आला, बाळ. पूर्ण आला.”